आसरांचा दगड

किन्हीराजा
ता. २० मे १९५४

चि. दौलतराव भाऊजींना गोजरावहिनीचा आशीर्वाद.

रागावून गेलेल्या माणसाची आधी खुशाली विचारावी की आधी त्याच्याशी भांडावं, हे आमच्या कारंज्याच्या मुलींच्या शाळेत शिकवलं नाही. मी चौथीवरच थांबले, पुढच्या इयत्तेत शिकवत असतील. तेव्हा मी आधी भांडून घेते.

वाढलेल्या ताटावरून उठून कुणी जातं का हो? दादांवर राग होता, कबूल. माझ्या पिठल्यानं तुमचं काय वाकडं केलं होतं? ते ताट संध्याकाळी गाईपुढे ठेवलं. तिनंही भाकर तेवढी खाल्ली. तुमची मोटार वळणाआड गेली तरी सासूबाई ओसरीत उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "पोट्टा उपाशी गेला वं," आणि आत जाऊन निजल्या.

विहिरीला पाणी लागलं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वरचा काळा पाषाण, मधला तुमचा तो राखाडी थर, खालचा पुन्हा काळा पाषाण, सगळं सुरुंगानं एक झालं. हे फार खुशीत असतील असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. संत्र्याच्या कलमांना पाणी सोडतात, घरी येतात आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडतात. तुमचं नाव घेत नाहीत. परवा सुरुंगवाल्या सोमलाला म्हणाले, "तो असता तं म्हनला असता, थांब." एवढंच.  त्या दिवशी सुरुंगाची वात लावायला सांगितल्यावर सोमलानं आधी तुमच्याकडे पाहिलं होतं, ते त्याच्या मनातून गेलेलं नाही.

तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नागपूरहून तुमच्या कॉलेजातले प्राध्यापक येईपर्यंत थर राखून ठेवा, एवढंच तुम्ही मागत होता. पण हे म्हणत होते की तोवर कलमांचं सरपण होईल, तेही खोटं नव्हतं. एक माणूस लबाड असला की भांडण सोपं असतं. इथे दोघेही खरे, आणि मी मध्ये पाण्याची घागर घेऊन उभी.

आता खरी बातमी. भाऊजी, तुमचा थर सगळा गेला नाही.

सुरुंगाच्या आदल्या दिवशी तुम्ही ढिगाऱ्यावरून एक दगड उचलून मला दाखवला होता, आठवतं? पाट्याएवढा, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ, आणि त्यावर त्या सात अळ्या. मी म्हटलं, डाळीत निघतात तशाच दिसतात, यांचं काय कौतुक! तेव्हा तुम्ही सांगितलंत की इथे तळं होतं, काठावर घराएवढे डायनोसॉर हिंडत होते, आणि ही त्या तळ्यातल्या किड्यांची पिल्लं. पंख फुटायच्या आतच गाळात पुरली गेली, आणि वरून तापलेल्या दगडाचा लोंढा आला. बोटानं तुम्ही एकेकीचं डोकं दाखवलंत, पाय दाखवलेत. दोघींच्या अंगाभोवती वाळूच्या कणांचं घरटं होतं. मग तोच दगड तुम्ही यांच्यापुढे धरलात. हे सुरुंगाची दारू पाहत होते, मान वर केली नाही. तुम्ही तो पुन्हा ढिगाऱ्यावर ठेवलात.

तो मी वैरणीच्या टोपल्यात घालून घरी आणला. का, ते विचारू नका. पंख फुटायच्या आतच गेली, हे तुमचं बोलणं काही केल्या डोक्यातून जाईना. जुन्या लुगड्यात गुंडाळून गोधड्यांच्या थप्पीखाली ठेवलाय. यांना सांगितलेलं नाही.

त्याचं काय करायचं ते कळवा. आणि जेवत जा.

तुमची वहिनी
गोजरा


किन्हीराजा
ता. २ सप्टेंबर १९५४

चि. भाऊजींना आशीर्वाद.

तुमचं पत्र शाळेच्या मास्तरांनी आणून दिलं. दगडाला पाणी लावू नका, हात लावू नका, उन्हात ठेवू नका, परीक्षा झाली की येतो. एवढ्या सूचना तुमच्या पुतण्याच्या बारशालासुद्धा कुणी दिल्या नव्हत्या. आणि दादा कसा आहे, हे दोन शब्द लिहायला शाई संपली वाटतं. हे बरे आहेत. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते.

आता जे सांगणार आहे ते वाचून डोकं धरू नका.

परवा उघडीप पडली म्हणून सासूबाईंनी गोधड्या उन्हात घालायला काढल्या. मी ओढ्यावर धुणं धूत होते. परत येते तो अंगणात चार बाया जमलेल्या, मध्ये सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर तुमचा दगड.

"गोजरे, हे काय लपवून ठेवलं वं तू? कुठं भेटलं?"

खोटं कशाला बोलू? म्हटलं, विहिरीतून निघालं.

सासूबाईंनी दगड कपाळाला लावला. "माय वं! साती जनी हायेत. मोज पाह्य. साती आसरा सोता होऊन इहिरीतून वर आल्या, न तू त्यायले गोधडीखाली दाबून ठेवलं?"

मी मोजल्या होत्याच. सातच होत्या. आपल्याकडे विहीर झाली की तिच्या काठावर सात गोटे मांडून पाण्याच्या सात देवींची पूजा करतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! आपल्या विहिरीची ती पूजा व्हायचीच होती, कारण हे म्हणत, आधी बांधणी होऊ द्या. इथे तर एकाच दगडावर साती जणी आयत्या बसलेल्या, त्याही पाण्याच्या पोटातून आलेल्या. तुम्ही सासूबाईंच्या जागी असतात तर दुसरं काय म्हटलं असतंत?

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. सांगायला हवं होतं की या देवी नाहीत, किड्यांची पिल्लं आहेत. पण चार बायांसमोर हे म्हणायचं कसं? आणि खरं सांगू? माझ्या मनात आलं, बरंच झालं. बांधणीवरचा गवंडी दोनदा म्हणाला होता की एखादा सपाट दगड असला तर पायरीला द्या. उद्या त्याच्या हाती लागला असता. देव झाला की कुणाची हात लावायची छाती नाही. तुम्ही येईपर्यंत आसरा आपली राखण आपणच करतील.

त्याच संध्याकाळी वाजतगाजत नेऊन विहिरीच्या काठावर बसवला. तेलात कालवलेला शेंदूर सासूबाईंनी तळहातानं चोपडला. हेही हात जोडून उभे होते, शेंदूर लावून झाल्यावर आले. दगड तुम्ही दाखवला होता तोच, हे यांना ओळखू आलं नाही. कसं येणार, पाहिला कुठे होता?

शेंदराचं काय, घासलेटनं निघतो. काळजी करू नका.

गोजरा


किन्हीराजा
ता. ९ डिसेंबर १९५५

चि. भाऊजींना आशीर्वाद.

तुमचं पत्र फार लागलं. "वहिनी, तुम्ही तरी शिकलेल्या होतात." चौथी पास बाईला एवढं मोठं बोलायचं नसतं, पेलत नाही.

तुम्ही येतो म्हणालात आणि आला नाहीत. परीक्षा झाली, निकाल झाला, दुसरी दिवाळी गेली. दादानं बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणता, आणि दादा म्हणतात गेला तो आपल्या पायांनी. तुम्हा दोघांचे पाय एकदा बांधून ठेवले पाहिजेत. तेवढ्यात इकडे काय काय झालं! आता दर सोमवारी विहिरीवर जत्रा असते. तांड्यावरची धुरपताबाई सुनेला घेऊन आली होती, तिला मुलगा झाला, तर नारळ, साखर आणि नवा खण. मला म्हणाली, "तुमच्या इहिरीच्या आसरा लय जागत्या हायेत बाई." मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? शेंदराचा थर आता बोटभर आहे. खाली सात जणी आहेत हे फक्त उंचवट्यांवरून कळतं.

तुमचं म्हणणं मला नीट समजलंय, शब्दन्‌शब्द पाठ आहे. तुम्ही आठवून काढलेल्या अळ्यांच्या चित्रांवर प्राध्यापक विश्वास ठेवत नाहीत. इतक्या जुन्या अळ्या इतक्या चांगल्या राहिलेल्या आपल्या भागात कुणी दाखवलेल्या नाहीत. दगड त्यांच्या टेबलावर ठेवलात तर कॉलेजातली ती जागा तुम्हाला मिळेल, नाही तर दुसऱ्याला. उन्हाळ्याच्या आत. आणि जागा मिळाली तर तुम्ही ताठ मानेनं घरी याल. हे शेवटचं वाचून मी चुलीपाशी रडले. म्हणजे दगड आला तर तुम्ही येणार, नाही आला तर नाही.

ते पत्र यांच्या हाती लागलं. खरं म्हणजे मीच त्यांना दिसेल असं खाटेवर ठेवलं. हे म्हणाले, "वाच." मी वाचलं. पुन्हा म्हणाले, "वाच." वहिनी शिकलेल्या, तेही वाचावं लागलं.

मग विडी पेटवली. "तोच गोटा व्हय तो? जो त्यानं मले दाखवला होता?"

म्हटलं, तोच.

"मंग तू बोलली काहून नाई?"

म्हटलं, तुम्ही विचारलं होतं का?

"ह्या गोट्यानं त्याले नोकरी लागते?"

म्हटलं, असं लिहिलंय.

उठून बैलांना वैरण टाकायला गेले. परतले तेव्हा डोळे लाल होते. विडीचा धूर म्हणाले. मी म्हटलं, असेल.

गोजरा


किन्हीराजा
ता. २१ जानेवारी १९५६

भाऊजी,

आशीर्वाद नंतर. हे पत्र मिळेल तसं लगेच वाचा. उद्या तुमचे दादा निघतायत, दगड घेऊन, तुमच्याकडे. मोटारीत हिसके बसून फुटेल म्हणून वाशीमला जाऊन रेल्वे धरणार, अकोल्याला बदलणार. अकोल्याच्या पुढे त्यांनी जग पाहिलेलं नाही. पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून आजच्या टपालात टाकतेय.

सगळं सांगते. सोमवारी विहिरीवर बाया जमल्या असताना हे भर सकाळी गेले, दगडाला नमस्कार केला आणि उचलला. चोरून नाही हो, सगळ्यांच्या देखत. सासूबाई वाटेत आडव्या आल्या.

"जगदेवा, हात जळतीन तुये!"

"माय, आसरा इहिरीत होत्या, इहिरीतच राह्यतीन. म्या सात गोटे मांडून देतो, शेंदूर लावून देतो. हा मले पाह्यजे. माह्या भावाले पाह्यजे."

"मंग त्याले येऊन मांगाले का झालं?"

"सुरुंग म्या लावला. पोचवतो बी म्याच."

भाऊजी, "माह्या भावाले" हे शब्द दीड वर्षात पहिल्यांदा ऐकले. बाया वाटेतून बाजूला झाल्या. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी मात्र तुमच्यासाठी जोंधळ्याची कोवळी कणसं निवडायला बसल्या. नागपुरात हुरडा कुठला मिळायला म्हणून.

काल दुपारी मी भाकर घेऊन मळ्यात गेले. हे विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, बसले होते. मांडीत दगड, शेजारी घासलेटचा डबा, विटकरीचा भुगा, हातात नारळाची शेंडी. लाल पाणी पाटानं कलमांकडे चाललं होतं. आणि हे गुणगुणत होते. लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, मी यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"पाह्य वं, कसा निंघाला! न्हाऊ घातलेल्या पोरावानी. त्या सायबाच्या टेबलावर का शेंदरानं चिकट गोटा ठेवू? दौलतची मान खाली जाईन."

मी जवळ गेले. दगड आरशासारखा गुळगुळीत होता.

तुम्हाला कसं सांगू? तो मऊ आहे हे मला ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक होतं. यांना काय ठाऊक? यांनी तो एकदाही नीट पाहिला नव्हता. त्यांना जे दिसलं ते शेंदराखालचे उंचवटे, तेलाची खरपुडी. पाटा घासतात तसा घासला. सहा गेल्या होत्या. एका कडेला एकच उरली होती, वाळूच्या घरट्यातली, तीही अर्धी.

"हे एवढे पापुडे निंघूनच नाई राह्यले," असं म्हणून त्यांनी भुग्याची चिमूट घेतली.

माझं तोंड उघडलं होतं. थांबा, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. आणि मी यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या शब्दाच्या मागोमाग बाकी सगळं सांगावं लागलं असतं. ही एक उरली म्हटलं की बाकी सहांचं काय झालं, ते यांना कळलं असतं. भावाचं काम एकदा सुरुंगानं घालवलं आणि आता दुसऱ्यांदा स्वतःच्या हातांनी, इतक्या मायेनं. मी म्हटलं, भाकर थंड होते.

"एवढं काढतो न जेवतो," म्हणाले.

आणि काढलं.

भाऊजी, रात्रभर मी त्या अर्ध्या अळीचा विचार करतेय. तुमच्या प्राध्यापकांना कदाचित तेवढीही पुरली असती. कदाचित तेवढ्यावरही जागा मिळाली असती. मी नवऱ्याचा चेहरा वाचवला आणि दिराची नोकरी बुडवली, असं आहे हे. बरोबर केलं की चूक ते मला समजत नाही. 

तुमच्याकडे एकच मागते. ते दारात उभे राहतील, नव्या धोतरात गुंडाळलेला दगड काढतील. त्यावर काही नाही. तुमचा चेहरा पडू देऊ नका. रागवायचं ते माझ्यावर, वेगळ्या पत्रात, हवं तेवढं. दगड त्यांच्या हातून नीट घ्या.

गोजरा


किन्हीराजा
ता. १८ मार्च १९५६

चि. दौलतराव भाऊजींना अनेक आशीर्वाद.

तुमच्या दादांनी नागपूरची हकीकत इतक्यांदा सांगितली की आता बैलांनाही पाठ झाली असेल. खोलीचा पत्ता सापडेना म्हणून ते सरळ कॉलेजात गेले. तुम्ही जिन्यावरून धावत आलात. दगड हातात घेतलात, खिडकीपाशी नेलात, उलटसुलट करून बराच वेळ पाहिलात. हे म्हणाले, "पाह्य बाप्पा, काई राह्यलं असन तं पुन्हा घासून देतो." तुम्ही म्हणालात, "नाई दादा, लय साफ झाला." मग तिथेच, सगळ्या पोरांदेखत, त्यांच्या पाया पडलात. खानावळीत त्यांना गोड जेवण घातलंत आणि गाडीत खिडकीची जागा धरून दिलीत.

हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, पत्र वेळेवर पोचलं.

काल टपालवाला आला आणि माझंच पत्र माझ्या हातात ठेवून गेला. पाकिटावर लिहिलंय, खोली सोडून गेले. ते कुणी उघडलेलंसुद्धा नाही.

मी ओसरीत किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. म्हणजे तुम्हाला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. तुम्ही सात अळ्यांची वाट पाहत जिन्यावरून धावत आलात, दगड खिडकीपाशी नेलात आणि तिथे उभ्या उभ्या, एकट्यानं, ते सगळं गिळलंत. भाऊजी, तुम्हाला मी ताटावरून उठणारा म्हणाले होते. तो शब्द मी परत घेते.

दादांना तुमचं कार्ड आलं, "नोकरी लागली, जूनपासून रुजू." यांनी गावभर गूळ वाटला. सांगत सुटले, माह्या भावाले गोट्यानं नोकरी लागली. सासूबाई म्हणतात, आसरांनीच दिली. कार्डावरचा शिक्का मी पाहिला. चांद्याचा आहे. पत्त्यात शाळेचं नाव आहे. कॉलेज नागपुरात आहे हे मला कळतं. यांना शिक्का वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवला नाही.

तुमच्या त्या जागेचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही तिथे शाळेत पोरांना शिकवाल, चांगलं शिकवाल, पण तुमचं मन त्या तळ्याकाठी होतं. ते आता तुम्ही कुणाला दाखवू शकणार नाही. सासूबाईंनी त्या सात जणींना देवी म्हणून पाहिलं. त्या होत्या तशा पाहिलेल्या आपण दोघंच, तुम्ही आणि मी, आणि मी त्यांना डाळीतल्या अळ्या म्हटलं होतं.

पोळ्याला नक्की या. दादांनी बोलावलंय, त्यांनीच मला लिहायला सांगितलं, शेजारी बसलेत. कागदाकडे पाहतायत असं दाखवत नाहीत, पण विडी विझलीय. आत्ताच विचारलं, "तो गोटा त्या सायबानं ठेवला कुठं, हे त्यानं लिवलं का?" मी म्हटलं, लिहिलंय, काचेच्या कपाटात. तर लगेच, "केवढं हाये कपाट?" मी म्हटलं, पुरुषभर उंच. "कुलूप हाये का?" म्हटलं, आहे.

तुम्ही आलात की पहिल्यांदा हेच विचारतील. तेव्हा पुरुषभर उंच, आणि कुलूप आहे. ध्यानात ठेवा.

तुमची वहिनी
गोजरा